जुन्या दगडी घराची दुरुस्ती आणि वाढीव बांधकाम: या चुका टाळा

जुन्या घरात ओल दिसली की लोक सर्वांत आधी सिमेंटची गोणी आणतात, आणि मला सर्वाधिक खटकणारी चूक हीच आहे. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. त्याआधीच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असून, त्या पाणी शोषतात आणि दगडांमधल्या मऊ दरजांतून पुन्हा हवेत सोडतात. वर सिमेंटचा गिलावा चढवला की बारीक तडांतून शिरलेले पाणी आतच अडकते.

अशाच एका घरी मला गिलावा झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी बोलावले. आतल्या भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला होता. तुळईचा रंग शाबूत दिसत होता, पण तिच्या भिंतीत शिरलेल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचताच तो मुठीपर्यंत आत गेला. गिलाव्याबरोबर दगडाचेही पापुद्रे निघत असल्याने तो हातछिन्नीने, वीत-वीत करत काढावा लागला आणि तुळईचे कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्यावा लागला. ओलीचे मूळ कारण होते पानांनी तुंबलेली पन्हळ, जी अर्ध्या तासात साफ झाली. तेव्हापासून मी आधी पन्हळी साफ करतो, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली आणतो आणि वर्षभर भिंत वाळू देऊन मगच चुन्याच्या गिलाव्याला हात घालतो. ज्यांना वर्षभर थांबवत नाही त्यांनी जुने घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक वाढीव खोलीची. जुना पाया बहुधा उथळ असतो आणि त्याची बैठक केव्हाच पक्की झालेली असते. नवे बांधकाम मात्र पुढची काही वर्षे बसत राहते, म्हणून दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट गुंफल्या की सांध्यावर तडा जातोच. मी तिथे लवचीक सांधा ठेवतो, आणि जुन्या भिंतीलगतचा चर सलग न खणता मीटरभराच्या तुकड्यांत खणून भरून घेतो. नवी खोली जुनी भासवण्याचा खटाटोपही नको. नवी भर वेगळी ओळखू यावी, असे १९६४ च्या व्हेनिस सनदेतही, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यातही, म्हटले आहे.

नळ नेण्यासाठी तुळईला खाच पाडू नका. जुन्या खिडक्या फेकू नका, आतून दुसरी काच बसवा. घर वारसा यादीत असेल, तर लेखी परवानगी हाती येईपर्यंत एक कौलही हलवू नका.