कोल्हापूरच्या हवेत जपानी स्किनकेअर: सुरुवात कुठून करावी आणि कोरियन प्रसाधने कुठे उपयोगी पडतात

जपानी प्रसाधने वापरायला घेताना पहिला घोळ ‘लोशन’ या एका शब्दावरून होतो. महाद्वार रोडवरच्या दुकानात लोशन मागितले, तर थंडीत हातापायांना चोळायची दाट, पांढऱ्या मलमासारखी बाटली समोर येते. जपानमध्ये मात्र लोशन म्हणजे चेहरा धुतल्यानंतर लगेच लावायचे, पाण्यासारखे पातळ द्रव्य, ज्याचे मुख्य काम त्वचेच्या वरच्या थरात ओलावा आणणे हे असते. त्यावर जे दुधाळ मॉइश्चरायझर लावतात, त्याला तिकडे ‘मिल्क’ किंवा ‘इमल्शन’ म्हणतात. ही जोडी लक्षात ठेवली, की जपानी पद्धतीचा निम्मा भाग समजला असे मला वाटते.

कोरियन पद्धतीत या दोन थरांच्या जागी टोनर, एसेन्स, सीरम (एखाद्या नेमक्या तक्रारीसाठीचे, घटकांचे प्रमाण जास्त असलेले द्रव्य), अँप्यूल, क्रीम अशी लांब रांग असू शकते. दहा पायऱ्यांची म्हणून ती जगभर गाजली आणि काचेसारखी चकाकणारी त्वचा हे तिचे ध्येय ठरले. जपानी बायका त्वचेला मऊ, भरलेल्या मोचीची उपमा देतात. मोची म्हणजे तांदळाचा लुसलुशीत गोळा. दोन्हीकडे ओलाव्यालाच महत्त्व आहे, पण स्वभाव निराळे आहेत. टोकियोच्या गिंझा भागात 1872 साली औषधांचे दुकान म्हणून सुरू झालेल्या शिसेइदोने 1897 साली ‘युडरमिन’ नावाचे लोशन आणले आणि ते नाव आजही बाजारात आहे. कोरियन बाजारात मात्र नवनवे घटक झपाट्याने येत राहतात: गोगलगायीचा स्राव, जिनसेंग, आणि ‘सिका’ या नावाने मिरवणारी आपली मंडूकपर्णी. म्हणून रोजचा पाया जपानी पद्धतीने घालावा आणि पुरळ, डाग किंवा लाली अशी एखादी नेमकी तक्रार असेल, तर तेवढ्यापुरते एक कोरियन सीरम जोडावे, असा माझा सल्ला आहे.

सुरुवात रात्रीच्या चेहरा धुण्यापासून करावी. राजारामपुरीहून गोकुळ शिरगावला रोज दुचाकीवर जाणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर संध्याकाळी सनस्क्रीन, घाम आणि धूळ यांचा जो थर बसलेला असतो, तो नुसत्या फेसवॉशने नीट निघत नाही. क्लिन्झिंग ऑइल हात आणि चेहरा दोन्ही कोरडे असतानाच घ्यावे, मिनिटभर हलक्या हाताने फिरवावे, मग बोटे ओली करून पुन्हा फिरवावे. तेल दुधासारखे पांढरे झाले, की भरपूर पाण्याने धुऊन टाकावे आणि त्यानंतर सौम्य फेसवॉश वापरावा. यासाठी घरचे खोबरेल चालत नाही. क्लिन्झिंग ऑइलमध्ये तेल पाण्यात मिसळवणारा घटक घातलेला असतो, खोबरेलात तो नसतो. त्यामुळे खोबरेल त्वचेवर चिकटून राहते आणि पुरळ येण्याचा स्वभाव असलेल्यांना त्याचा त्रास होतो. ज्या दिवशी घराबाहेर पडलाच नाही, त्या दिवशी फेसवॉश पुरेसा आहे.

चेहरा टॉवेलने खसाखसा न पुसता नुसता टिपावा आणि थोडा दमट असतानाच लोशन लावावे. हाडा लाबो या जपानी ब्रँडचे ‘गोकुज्युन’ लोशन हे पहिल्या बाटलीसाठी चांगले आहे, कारण त्यात सुगंध आणि अल्कोहोल नाही. त्याचा भर हायलुरॉनिक ॲसिडवर आहे, आणि हे द्रव्य पाणी धरून ठेवते. नाण्याएवढे थेंब तळव्यावर घेऊन दोन्ही तळवे एकमेकांवर दाबावेत आणि मग गालावर, कपाळावर, मानेवर ठेवून दाबत राहावे. चोळायचे नाही, थापटायचेही नाही. काही वेळाने तळवा उचलताना गाल किंचित चिकटून सुटतो. तसे झाले की लोशन पुरेसे झाले.

सनस्क्रीनच्या बाबतीत दोन्ही देशांची प्रसाधने हलकी आणि चेहऱ्यावर पांढरट थर न सोडणारी मिळतात, म्हणून देशापेक्षा बाटलीवरचे आकडे पाहावेत. एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल सांगते. त्वचा रापवणाऱ्या आणि वांग गडद करणाऱ्या किरणांपासूनचे संरक्षण ‘पीए’ या अक्षरांपुढच्या अधिकचिन्हांवरून कळते. ही खूण जपानमध्ये 1996 साली सुरू झाली आणि 2013 पासून तिला चौथे अधिकचिन्ह मिळाले. आपल्या उन्हासाठी चार अधिकचिन्हेच घ्यावीत. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन लागते. स्कार्फ बांधला तरी ते लावावे, आणि उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. बिओरेसारख्या काही जपानी सनस्क्रीनमध्ये अल्कोहोल असते. त्यामुळे ती पटकन सुकतात, पण कोरड्या किंवा नाजूक त्वचेला झोंबू शकतात. अशांनी तांदळाचा अर्क असलेले कोरियन सनस्क्रीन पाहावे.

एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, हा नियम मी फार कळकळीने सांगते. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला सलग काही दिवस लावून पाहावे, मग चेहऱ्यावर आणावे, आणि दोन-तीन आठवडे दुसरे काहीही बदलू नये. पाच बाटल्या एकदम उघडल्या आणि गालावर पुरळ उठले, तर दोष कोणाचा हे त्वचारोगतज्ज्ञालाही सांगता येणार नाही. तसेच जपानी बाटलीवरच्या ‘बिहाकू’ या शब्दाचे भाषांतर ‘गोरे करणारे’ असे केलेले आढळते. तेथील कायद्यानुसार त्या दाव्याचा अर्थ मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तयार होणे रोखून डाग पडू न देणे एवढाच आहे. आपला सावळा रंग पुसण्यासाठी कोणीही ही प्रसाधने विकत घेऊ नयेत.

ऋतूप्रमाणे थर कमी-जास्त करावे लागतात. पावसाळ्यात सलग कित्येक दिवस हवा ओलीच असते. तेव्हा लोशन आणि सनस्क्रीन पुरते, मिल्क फक्त रात्री आणि तेही गरज वाटली तरच लावावे. दिवाळीनंतर हवा कोरडी पडू लागली, की नुसते लोशन लावून सोडू नये, कारण वर दुधाळ थर नसेल तर ओलावा उडून जातो आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो.

खरेदी करताना बाटलीवर भारतातील आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक आहे ना, हे आधी पाहावे. तारखेबाबत मी स्वतः फसले आहे. शाहूपुरीतल्या एका दुकानातून घेतलेल्या कोरियन सीरमवरची तारीख मी बनवल्याची समजले आणि चार दिवस ते लावून गाल लाल करून घेतले; ती मुदत संपल्याची तारीख होती. कोरियन वेष्टनावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो. तारखेसोबत ‘जेजो’ असे कोरियन अक्षरांत असेल तर ती बनवल्याची, आणि ‘काजी’ असेल तर ती मुदतीची. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर केले, की हा फरक दुकानातच कळतो. जपानी बाटलीवर मात्र तारीख अनेकदा नसतेच, कारण न उघडता तीन वर्षांहून अधिक टिकणाऱ्या प्रसाधनावर ती छापण्याची तेथे सक्ती नाही. म्हणून बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेनाने तळाशी लिहून ठेवावी.