जीवनदायीचं कार्ड: पेशंट खाटेवर पडायच्या आधी करायची कामं

रुग्णालयात मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेला गावाकडं अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत या आरोग्य योजनेला जोडली गेली. २०२३ च्या शासन निर्णयानं उपचाराच्या खर्चाची दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली, शिवाय पिवळ्या-केशरीसोबत पांढरं रेशनकार्डही आत आलं. हे पाच लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबाला वर्षाला आहेत. हप्ता भरायचा नाही. घोडं अडतं ते कागदांवर.

आधी कागद

रेशनकार्ड आणि घरातल्या प्रत्येकाचं आधार शेजारी ठेवा आणि अक्षर अन् अक्षर लावून वाचा. रेशनकार्डावर ‘सखुबाई’, आधारवर ‘सखू’, एकीकडं जन्मसाल १९६२ आणि दुसरीकडं १९६८, असा घोळ निम्म्या घरांत तरी सापडेलच. मग आयुष्मान कार्ड, म्हणजे योजनेचं ओळखकार्ड, काढताना जुळणी कमी भरते आणि अर्ज मंजुरीत लटकतो. बँकेच्या पासबुकाशी आणि मतदान ओळखपत्राशी जे नाव जुळतं ते राहू द्या, दुसरं बदलून घ्या. रेशनकार्डाची दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत, आधारची आधार केंद्रात.

कार्डावर नाव शाईनं लिहिलेलं असून भागत नाही, ते ऑनलाइन दिसलं पाहिजे. रेशन दुकानदाराकडून बारा अंकी नंबर घ्या आणि त्यावर किती नावं चढलीत ते त्यालाच विचारा. हमखास राहते ती सून. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय सासरच्या कार्डात तिचं नाव चढत नाही, आणि तो दाखला आणायला कुणी जात नाही. तान्ह्या बाळासाठी जन्मदाखला आणि आई-वडिलांचं रेशनकार्ड हाताशी ठेवा.

आयुष्मान कार्ड आपले सरकार केंद्रात, आशाताईंच्या मदतीनं किंवा मोबाईलवरच्या आयुष्मान अ‍ॅपवर निघतं. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. मशीन नाही म्हणालं की अंगठाच दाबत बसू नका, ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा, मुंबईला गेलेल्या मुलाचा जुना नंबर नको. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं.

कोणत्या दवाखान्यात

दवाखाना योजनेत आहे एवढंच विचारून गाडी काढू नका. एखादं रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं, पण हृदयासाठी नसतं. म्हणून १५५३८८ या मोफत नंबरवर फोन लावून आजाराचं नाव सांगा आणि ‘या उपचारासाठी जवळ कोणतं?’ असं विचारा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्या खासगीत योजनेतून होत नाहीत, तिथं कितीही हुज्जत घातली तरी.

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन गेलात तर पुढच्या डॉक्टरला निदान कळतं आणि तपासण्या दुबार होत नाहीत. साधा ताप, खोकला, बाहेरून औषध घेऊन घरी जाणं हे योजनेत बसत नाही. ते आरोग्य केंद्रातच उरका.

दाखल होताना

रुग्णालयात शिरल्यावर बिलाच्या खिडकीकडं न जाता आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेनं तिथं बसवलेल्या माणसाचं, टेबल शोधा. कागद तपासून तो नोंदणी करतो, मग रुग्णालय तपासण्यांच्या रिपोर्टसह मंजुरी मागवतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला मंजुरी आल्यावरच सुरुवात होते. इथंच लोक घाबरतात आणि ‘आधी भरून टाकू, नंतर योजनेत बसवू’ म्हणून अ‍ॅडव्हान्स भरतात. ते करू नका. योजना कॅशलेस आहे, आधी भरायचं आणि मग परतावा मागायचा अशी सोय तिच्यात नाही.

अपघात, झटका, सर्पदंश अशा वेळी कागदांसाठी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. तातडीच्या केसला फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून दिले तरी चालतात. मात्र घरातल्या एकानं त्याच दिवशी ते घेऊन निघायचं.

‘पॅकेजात (योजनेनं उपचारासाठी ठरवलेल्या खर्चात) स्टेंट, म्हणजे हृदयाच्या नळीतली जाळी, येत नाही’, ‘औषधं बाहेरून आणा’ असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. द्यावेच लागले तर पावती घ्या, कच्च्या चिठ्ठीवर तक्रार उभी राहत नाही. तक्रार १५५३८८ वर किंवा योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडं करता येते, आणि ती पेशंट दाखल असतानाच केलेली बरी.

योजनेत न बसणारा आजार निघाला तर धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयाची चौकशी करा. तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो मिळायला दिवस जातात, म्हणून दर वर्षी नवा काढून पिशवीत ठेवा.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड आणि सगळे रिपोर्ट मागून घ्या. सुटल्यानंतर किमान १० दिवसांची तपासणी आणि औषधं पॅकेजातच येतात. टाके काढायची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि त्या दिवशीचे पैसे कुणी मागितले तर तेच कार्ड पुढं करा.