सॅटेलाइट फोटोतून चोरटी मासेमारी कशी शोधायची

पहिली गोष्ट, साध्या फोटोंपासून सुरुवात करू नका, ढग आले की खेळ खल्लास. रडारवाला डेटा घ्या, सेंटिनेल-१ या युरोपियन सॅटेलाइटचा, फुकट मिळतो, रात्र असो ढग असो समुद्र दिसतोच, पाणी काळपट आणि लोखंडी बोट म्हणजे चमकणारा ठिपका. पिक्सेल १० मीटरचा असतो, त्यामुळे छोट्या लाकडी होड्यांची आशा सोडा. व्हीव्ही (लहर उभी पाठवून उभीच पकडलेली) आणि व्हीएच (उभी पाठवून आडवी पकडलेली) असे दोन चॅनेल येतात, समुद्र खवळलेला असेल तर व्हीएच बघा, त्यात पाण्याची कचकच कमी असते.

जमीन मास्क करा, म्हणजे फोटोतून झाकून टाका. मग लगेच न्यूरल नेटवर्ककडे (शिकवून तयार केलेलं एआय मॉडेल) धावू नका, सीएफएआर म्हणून जुनी पद्धत आहे, ठिपका आजूबाजूच्या पाण्यापेक्षा किती उठून दिसतो एवढंच ती बघते, तिने कच्ची यादी निघते. मॉडेल लागतं ते पुढे, हा ठिपका बोट का तेलाचा प्लॅटफॉर्म का पवनचक्की का नुसतं भूत (खरंच, मोठ्या जहाजांची भुतं, म्हणजे भलत्याच जागी उमटलेल्या खोट्या प्रतिमा, दिसतात रडारमध्ये) हे ओळखायला. ट्रेनिंगला एक्सव्ह्यू३ नावाचा, रडार फोटोंतल्या बोटी लेबल केलेला डेटा आहे. आणि महिनोन्महिने एकाच जागी ठाण मांडून बसलेलं काही दिसलं तर ते सरळ यादीतून काढा.

आता खरी डोकेदुखी, एआयएसशी जुळवणी (एआयएस म्हणजे जहाज स्वतःची ओळख आणि जागा रेडिओवर सांगत राहतं ती यंत्रणा). जहाजाचे आधीचे आणि नंतरचे सिग्नल घेऊन फोटोच्या नेमक्या सेकंदाला ते कुठे असेल हे काढायचं. त्यात गंमत अशी की चालतं जहाज रडारमध्ये काहीशे मीटर सरकलेलं दिसतं, मागची पाण्याची रेघ एकीकडे आणि जहाज भलतीकडे! हे विसरून मी पहिल्यांदा सरळ अंतर मोजलं आणि प्रामाणिक जहाजांनाच चोर ठरवून बसलो.

जुळलं नाही म्हणजे बेकायदेशीर, असंही नाही हां. आंतरराष्ट्रीय नियमाने एआयएस लागतं ते मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रवासावरच्या ३०० ग्रॉस टन आणि पुढच्या जहाजांना, शिवाय देशातच फिरणाऱ्या ५०० आणि पुढच्या मालवाहू जहाजांना आणि प्रवासी जहाजांना, बाकी ज्या त्या देशावर. नेचर या विज्ञानपत्रिकेतल्या २०२४ च्या अभ्यासात तर जगातल्या सुमारे तीन चतुर्थांश औद्योगिक मासेमारी बोटी सार्वजनिक ट्रॅकिंगमध्ये नव्हत्याच. त्यामुळे लायसन्स, बंदीचा काळ, राखीव हद्द हे सगळं ताडून मगच कुणाकडे बोट दाखवा. स्क्विड पकडणारे रात्री झगझगीत दिवे लावतात, तिथे व्हीआयआयआरएसचे (सॅटेलाइटवरचा, रात्रीचे दिवे टिपणारा सेन्सर) रात्रीचे फोटोपण जोडा, उत्तर कोरियाच्या पाण्यातल्या शेकडो चिनी बोटी असेच वेगवेगळे सॅटेलाइट एकत्र करून सापडल्या होत्या.

गस्तीवाल्यांना यादी देताना वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) आहे हे ठळक लिहा, बोटीची अंदाजे लांबी आणि मॉडेलला किती खात्री आहे तेपण टाका.