लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की गाड्या कशा मोजायच्या

मावसभाऊ सातपूरला कंपनीत आहे. मागच्या महिन्यात तिथे चेकअप झालं, त्यात लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी पण होती, तर त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १०१ आलंय, जवळपास नॉर्मलच ना, रविवारी मिसळ पक्की. म्हटलं थांब जरा, वरच्या ओळी पण वाच. टोटल कोलेस्टेरॉल १८८, एचडीएल म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते ३४, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली दुसरी चरबी २६५. हा एक आकडा बघून खुश आणि भानगड सगळी शेजारच्या दोन ओळींत. आता घरातले बाकीचे पण रिपोर्ट मलाच पाठवायला लागलेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्री शिकलोय, त्यामुळे गोळी चालू की बंद हे मला विचारू नका.

तेल पाण्यात विरघळत नाही हे नाशिककराला सांगायला नको, तर्री कायम वरच तरंगते. रक्त म्हणजे बरंचसं पाणीच, मग त्यातनं चरबी फिरणार कशी, तर चरबीला धरून ठेवणारी प्रोटीन असतात ती तिला वाहून नेतात. सुटी फॅटी अॅसिड अल्ब्युमिन नेतं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे मोठे गोळे असतात, त्यांच्यावर अपो नावाची प्रोटीन बसलेली असतात. आणि पेशीच्या आत गेल्यावर फॅटी अॅसिड इकडनं तिकडे न्यायला वेगळे हमाल आहेत, फॅटी अॅसिड बाइंडिंग प्रोटीन. त्यातलं हृदयाच्या स्नायूतलं एक हार्ट अटॅक आला की लवकर रक्तात सांडतं, पण आपल्याकडे इमर्जन्सीत ट्रोपोनिन या हृदयाच्या दुसऱ्या प्रोटीनचीच टेस्ट करतात, म्हणून त्याचं इथेच सोडतो.

आता मुख्य गोष्ट. पिंपळगावहून टमाट्याचे कॅरेट निघाले असं समजा. तेवढाच माल दहा ट्रकमधून पण येईल किंवा चाळीस छोटा हत्तींमधून पण येईल. वजनकाट्यावर दोन्ही सारखंच. पण नाशिकच्या द्वारका चौकात जाम किती लागणार हे वजनावर नाही, गाड्या किती त्यावर ठरतं. रिपोर्टमधला एलडीएल कोलेस्टेरॉल म्हणजे फक्त मालाचं वजन. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून तिथे अडकतात त्या गाड्या, म्हणजे वर सांगितलेले ते गोळे, आणि त्या मोजायची सोय निसर्गाने करून ठेवलीय, कारण लिव्हरमधनं निघणाऱ्या प्रत्येक व्हीएलडीएलवर (ट्रायग्लिसराइडने भरलेला गोळा) आणि त्यातनं पुढे तयार होणाऱ्या एलडीएलवर अपो बी हे प्रोटीन एकच असतं. एका गाडीला एकच नंबरप्लेट. प्लेटा मोजल्या की गाड्या मोजल्या. लिव्हर गाडी परत आत घेतं ते पण ही प्लेट बघूनच, एलडीएल रिसेप्टर नावाचं गेट असतं त्याला, ज्याच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीनला १९८५ चं नोबेल मिळालं. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी हीच गेटं वाढवते. काहींच्यात जन्मतःच गेट नादुरुस्त असतं, एलडीएल १९० च्या वर आलं तर हा संशय धरायचा आणि भावंडांची, मुलांची पण टेस्ट करायची.

आता रिपोर्ट उघडा. पहिलं काम एकदम फुकटचं, टोटलमधनं एचडीएल वजा करा. याला नॉन एचडीएल म्हणतात, अपो बी वाल्या सगळ्या गाड्यांतलं कोलेस्टेरॉल यात येतं. मावसभावाचं १८८ वजा ३४, म्हणजे १५४. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये साध्या माणसासाठी हे १३० च्या आत हवं असं आहे, आणि ज्याला आधीच हृदयविकार आहे त्याला ८५ च्या आत.

मग एलडीएल मोजलंय का गणिताने काढलंय ते बघा, बऱ्याच ठिकाणी 'कॅल्क्युलेटेड' किंवा 'डायरेक्ट' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. गणित १९७२ चं आहे, फ्रीडवाल्डचं: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड भागिले पाच. १८८, ३४ आणि ५३, उत्तर १०१, हाच तो आकडा ज्यावर आमचा गडी खुश होता. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालतच नाही. माझ्याच एका जुन्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड ४३० असताना लॅबने एलडीएल छापून दिलं होतं आणि मी ते वर्षभर खरं धरून चाललो, आता हसू येतं पण तेव्हा कोणी सांगितलं नाही.

उपाशीपोटी जायचं का? नेहमीच्या तपासणीला बहुतेकांना गरज नाही, अपो बी ला तर नाहीच. पण रविवारी सकाळी तर्री मारून थेट रक्त द्यायला गेलात तर ट्रायग्लिसराइड वर येणार, कारण आतड्यातनं निघालेले चरबीचे गोळे अजून रक्तातच फिरत असतात. मी लॅबमध्ये असताना अशी ट्यूब पाहिलीय, फिरवून झाल्यावर वरचं सिरम पिवळसर पारदर्शक दिसायला हवं ते चक्क दुधासारखं पांढरं. आकडा ४०० च्या वर आला तर उपाशी जाऊन परत करा. ५०० च्या वर राहिला तर स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरकडे जायला टाळाटाळ नको.

नॉन एचडीएल जास्त, किंवा ट्रायग्लिसराइड जास्त, किंवा शुगर, किंवा पोट सुटलेलं, असं काही असेल तर लॅबमध्ये अपो बी वेगळी सांगून करून घ्या, नेहमीच्या प्रोफाइलमध्ये ती नसते. युरोपच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये मध्यम धोक्यासाठी १०० च्या आत, जास्त धोक्यासाठी ८० च्या आत आणि खूप जास्त धोक्यासाठी ६५ च्या आत असं टार्गेट आहे. मावसभावाची आली ११८.

त्याच रक्तात आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए पण करा. ही एलडीएलचीच गाडी, फक्त तिला अपो ए नावाची एक शेपटी जोडलेली. हिचं प्रमाण जवळजवळ पूर्ण आईवडिलांकडनं येतं, तूप सोडलं तरी ते हलत नाही, स्टॅटिननेही कमी होत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर घाबरायचं नाही, पण बाकी सगळं जास्त कडक ठेवायचं आणि सख्ख्या भावंडांना सांगायचं. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे १२५ ची रेघ धरा, दोन एककांची सरळ अदलाबदल करत बसू नका.

एचडीएलच्या मागे मात्र लागू नका. ते वाढवायची टॉरसेट्रापिब नावाची गोळी आली होती, तिने एचडीएल भरपूर वाढलं आणि मृत्यूही वाढले, २००६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली.

आणि तेलातुपाला शिव्या घालायच्या आधी टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) आणि लघवीतलं प्रोटीन बघून घ्या. थायरॉइड मंदावलं की लिव्हरची गेटं कमी होतात. किडनीतनं अल्ब्युमिन गळायला लागलं की लिव्हर भरपाई म्हणून धडाधड प्रोटीन बनवतं, त्यात या गाड्या पण वाढतात, पायाला सूज आणि कोलेस्टेरॉल ३०० च्या वर असं एकत्र दिसलं तर हे आधी डोक्यात यायला हवं.

मावसभावाचं टीएसएच नॉर्मल निघालं, लघवी स्वच्छ, लायपोप्रोटीन ए १८. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, मात्र ६.१. साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचं लिव्हर ट्रायग्लिसराइडने भरलेल्या गाड्या जास्त सोडतं, एचडीएल पडतं आणि एलडीएलच्या गाड्या बारीक पण संख्येने जास्त होतात, म्हणजे तोच चाळीस छोटा हत्तींचा प्रकार. गुरुवारी गंगापूर रोडला डॉक्टरांकडे चाललोय दोघं, मिसळ पुढे ढकललीय.