पावसाळ्यात पियानो तपासायला जाताय?

जुना पियानो घेण्याआधी कसा तपासायचा, असं पेटी दुरुस्तीतून पियानोकडे वळणारी पोरं विचारत असतात, म्हणून लिहितोय. सूर लावता येतो, तार बदलता येते, एवढं धरून चालतो.

साऊंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला, चीर दिसली की नवा माणूस हबकतो. हबकू नका. चिरलेले कितीतरी पियानो छान वाजतात. चीर झणझणत नसेल आणि मागच्या रिबा (आधाराच्या लाकडी पट्ट्या) बोर्डाला घट्ट चिकटलेल्या असतील, तर तिचं फार मनावर घेऊ नका. रिब सुटलीय का ते बघायला जुनी लग्नपत्रिका फटीत सरकवून बघा.

खरं दुखणं पिनब्लॉकचं, म्हणजे तारा ताणणाऱ्या पिना धरून ठेवणाऱ्या लाकडाचं. साधारण 230 तारा, त्यांचा मिळून 18-20 टनांचा ताण, आणि प्रत्येक तारेची पिन या लाकडात रुतलेली. ते तारांचा ताण पेलणाऱ्या बिडाच्या प्लेटमागे लपलेलं असतं. इथेच मराठवाड्यातली हवा आपल्याला फसवते. मलाही फसवलंय, म्हणून जरा जास्त लिहितो.

ऑगस्टमध्ये पियानो तपासला की तो ठणठणीत वाटतो. लाकूड ओल धरतं, साऊंडबोर्ड फुगतो, चीर मिटते, सूर थोडा चढतो, पिना हाताला घट्ट लागतात. तुम्ही मालकाला म्हणता, "बिनधास्त घ्या." मग मे उजाडतो, पारा 42 वर, लाकूड सुकून आकसतं, पिना ढिल्या पडतात आणि लावलेला सूर बघता बघता उतरतो. मालकाचा फोन तुम्हालाच येणार.

मग उन्हाळ्यात तपासावं, तर खोलीत कूलर! दिवसभर ओला वारा पियानोच्या पाठीवर, रात्री बंद. म्हणून झाकण उघडण्याआधी विचारायचं: कूलर कुठे असतो? तो बंद राहिल्यावर दोन-चार दिवसांनी बघा. पावसाळ्यात बघावंच लागलं, तर "पिनांचं खरं उन्हाळ्यात कळेल" हे मालकाला चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही.

पिना तपासताना सूर लावायच्या हॅमरने (पान्याने) किंचित फिरवा. पिन लोण्यातून फिरल्यासारखी वळली, सोडल्यावर मागे आली, तर तिची जागा कागदावर मांडा. ढिल्या पिना इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर भोकं झिजलीत. जाड पिना घालून काम भागतं. एका ओळीत शेजारी-शेजारी असतील तर ब्लॉकच फुटल्याचा संशय धरा. उभ्या पियानोत वरचं झाकण काढून ब्लॉक आणि मागच्या खांबांमधला सांधाही टॉर्चने बघा.

पिनांच्या मुळाशी पातळ सुपरग्लू सोडणारे उस्ताद भेटतील. कधी कधी पकड येते, मी नाही म्हणत नाही. पण मालकाला न सांगता ग्लू ओतून वर "नवा केला" म्हणणाऱ्याच्या हाताखाली शिकू नका. वर्षभर नुसती पिशवी वाहायला लावणाऱ्याच्याही नको. त्यापेक्षा गावातला जुना पेटीवाला बरा, त्याचा कान तयार असतो. मोबाईलवरचं ॲप सूर किती उतरला ते सांगेल, का उतरला ते नाही.

राहिली बिडाची प्लेट. तिच्यावर चिरेसारखी रेघ दिसली तर नख फिरवून बघा. बऱ्याचदा नुसता रंग तडकलेला असतो. खरा तडा निघाला तर पुढे तार ताणू नका, आणि गल्लीतला वेल्डिंगवाला "करून देतो" म्हणाला तरी हात लावू देऊ नका. तो पियानो बहुतेक गेलाच. तपासणीचे पैसे मात्र तेव्हाही घ्यायचे.