द्राक्षाचा रीफर कंटेनर भरताना

पहिल्यांदा स्वतःचा कंटेनर पाठवणारे शेतकरी गट आमच्या पॅकहाऊसला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, कंटेनर किती डिग्रीला लावायचा?" थॉमसन जातीच्या द्राक्षाला उणे अर्धा ते शून्य अंश, एवढं सांगून मी मोकळी होऊ शकते. पण दिंडोरीच्या पट्ट्यात हंगामभर कंटेनर भरून देणारी बाई म्हणून मला आधी दुसरंच सांगावं लागतं. रीफर, म्हणजे थंड ठेवणारं यंत्र बसवलेला कंटेनर, माल गार करत नाही. गार आलेला माल तो गार ठेवतो. बारा अंशांचा मणी आत गेला, तर यंत्र त्याला शून्यावर आणेपर्यंत कित्येक दिवस जातात. तेवढ्यात देठ तपकिरी पडतो आणि राखाडी बुरशीला पाय रोवायला वेळ मिळतो. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात खोका उघडल्यावर दिसणारा खराब घड बहुतेक वेळा समुद्रात नव्हे, इथेच खराब झालेला असतो.

म्हणून सुरुवात बागेतून करा. त्याच्याही आधी कागद. बागेची ग्रेपनेट या ऑनलाईन प्रणालीवर नोंदणी, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचा रेसिड्यू (औषधांच्या अंशांचा) रिपोर्ट, मग अ‍ॅगमार्क आणि फायटो, म्हणजे रोगकीड नसल्याचा दाखला, हा क्रम आहे आणि तो उलटा चालत नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, ते या भागातले बागाईतदार अजून विसरलेले नाहीत. रिपोर्ट हातात नसताना तोड धरू नका, व्यापारी कितीही घाई करो.

तोड सकाळी, पण दव उडाल्यावर. ओला घड खोक्यात गेला की बुरशीला आमंत्रणच. ऊन चढायच्या आत थांबा, कारण फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी मण्याच्या आत साठलेली उष्णता काढायला नंतर दुप्पट वेळ लागतो. शुगर किमान सोळा ब्रिक्स (गोडी मोजायचं माप), घड देठाला धरून उचलायचा, मण्यावरचा पांढुरका मेणासारखा थर पुसला जाऊ द्यायचा नाही. क्रेट बांधावर उन्हात ठेवलेले दिसले की मला खरोखर राग येतो. झाडाखाली ठेवा, ओल्या गोणपाटाची सावली करा, आणि गाडी भरेपर्यंत वाट न बघता अर्धी गाडीसुद्धा सोडा. तोडीपासून प्रीकूलिंगपर्यंत (कंटेनरआधी माल गार करण्यापर्यंत) चार ते सहा तास, त्याहून जास्त नको.

पॅकहाऊसमध्ये सुरगाणा-पेठकडच्या मावश्या ज्या हाताने खराब मणी काढतात, ते बघण्यासारखं असतं. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागत नाही. चिरलेला एक मणी आत राहिला तर पूर्ण पनेट (प्लॅस्टिकची छोटी डबी) जातो. म्हणून या टेबलावर घाई करायला मी कुणालाच देत नाही. युरोपसाठी अर्धा किलोचे दहा पनेट, म्हणजे पाच किलोचा खोका.

आता सगळ्यात नाजूक भाग: प्रीकूलिंग आणि ग्रेपगार्डचा पेपर, म्हणजे बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साईड वायू हळूहळू सोडणारा कागद. खोके उघडे ठेवूनच प्रीकूलिंगला लावायचे. पंख्याने ओढलेली थंड हवा खोक्याच्या भोकांतून मालातून गेली पाहिजे, नुसती भोवती फिरून उपयोग नाही. सहा ते आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान शून्य ते दोन अंशांवर यायला हवं. खोलीच्या भिंतीवरचा आकडा बघून समाधान मानू नका. टोकदार थर्मामीटर मण्यात खुपसा, तोही मधल्या थरातल्या खोक्यातल्या मण्यात. मगच तो पेपर ठेवायचा आणि लायनर, म्हणजे खोक्यातली प्लॅस्टिकची पिशवी, बंद करायचा. कोमट मालावर लायनर बंद केलात तर आत पाणी सुटतं, त्या ओलाव्याने पेपरमधला वायू एकदम बाहेर पडतो आणि देठाजवळ मणी पांढरा पडतो. पुढच्या आठवड्यांसाठी राखलेला वायू पहिल्या दोन दिवसांतच संपून जातो. मग माल पॅलेटवर (खोके रचायच्या लाकडी फळीवर) चढवून शून्य अंशांच्या कोल्ड स्टोरेजला.

कंटेनर आला की ड्रायव्हरला चहा द्या आणि तुम्ही टॉर्च घेऊन आत जा. यंत्राची पूर्वतपासणी झाल्याचं स्टिकर बघा. दरवाजे बाहेरून बंद करायला सांगा आणि अंधारात उभं राहून कुठून उजेड येतो का बघा. उजेड आला तर तिथून हवाही येणार. वास घ्या. मासळीचा किंवा रसायनाचा वास असेल तर कंटेनर परत पाठवा, दिवस वाया गेला तरी चालेल. जमिनीवरच्या उभ्या पट्ट्यांच्या खाचा साफ आहेत ना, हे बघा, कारण थंड हवा तिथूनच पुढे येते आणि मालातून वर चढते.

पुष्कळजण कंटेनर आधी गार करून ठेवतात. तुमचा डॉक (माल चढवायची बंद जागा) थंड असेल आणि कंटेनर त्याला रबरी पडद्याने घट्ट चिकटत असेल तरच ते करा. उघड्या अंगणात थंड कंटेनरचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, भिंतींना घाम फुटतो आणि ते पाणी खोक्यांवर पडतं. दार उघडं असेपर्यंत यंत्र बंद ठेवा, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो. सगळे पॅलेट तयार असल्याशिवाय दार उघडूच नका.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण वीस पॅलेट, साडेबारा-तेरा टन माल बसतो. आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही खोका जाऊ देऊ नका, हवा परत यंत्राकडे जायची वाट तीच आहे. खोक्यांची भोकं खालपासून वरपर्यंत एका रेषेत यायला हवीत. दाराजवळ उघडी राहिलेली जमीन पुठ्ठ्याने झाका, नाहीतर हवा मालाला टाळून मोकळ्या जागेतून वर निघून जाते. एक डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) आतल्या बाजूला, एक दाराजवळच्या पॅलेटमध्ये. दाराकडचा माल आधी तापतो, पैसे वाचवायला तो लॉगर कधीही गाळू नका.

ताज्या हवेची खिडकी द्राक्षाला बंद ठेवायची. बुकिंगच्या ईमेलमध्ये तापमान लिहिताना "उणे" हा शब्द अक्षरांत लिहा. नुसती आडवी रेघ एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना गळून पडू शकते. शेजारी सेल्सिअसही लिहा.

फ्रोझन मालाचं गणित वेगळं आहे. तळोज्याच्या कारखान्यांतून जाणारी कोळंबी उणे अठरा किंवा त्याखाली जाते. ती श्वास घेत नाही, म्हणून हवा खोक्यांच्या आतून नव्हे, पूर्ण रचलेल्या मालाच्या बाहेरून फिरली की पुरते. खोके बिनभोकांचे, एकमेकांना चिकटवून. एका कंटेनरला एकच तापमान, त्यामुळे दोन्ही माल एकत्र नाहीच. हापूससुद्धा द्राक्षाबरोबर टाकायचा विचार करू नका. शून्य अंशाला आंब्याची साल काळवंडते आणि तो कधीच नीट पिकत नाही.

इथून कसारा घाट उतरून न्हावा शेवापर्यंत जेनसेट (कंटेनरला वीज देणारा डिझेल जनरेटर) सुरू असलाच पाहिजे. डिझेल किती आहे ते निघतानाच बघा, सीलचा आणि चालू तापमानाचा फोटो काढा, बंदरात प्लग लागल्याचा निरोप मागून घ्या.

जहाजाचे दिवस मोजूनच माल निवडा. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि वीस-पंचवीस दिवसांची वाट पस्तीस-चाळीस दिवसांवर गेली. अवकाळी पाऊस खाल्लेली बाग, डावणी या बुरशीजन्य रोगाचा डाग असलेला किंवा जास्त फुगवलेला मऊ माल एवढा प्रवास सोसत नाही. तो दुबईला किंवा देशातच विका. पैसे कमी मिळतील, पण मिळतील.

तिकडून तक्रार आली तर घाबरून लगेच भाव कमी करून देऊ नका. दार उघडतानाचे फोटो, लॉगरचा आलेख आणि कंटेनरच्या यंत्रातली नोंद मागवा, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा तटस्थ माणूस) लावायला सांगा. शिपिंग लाईनला लेखी सूचना डिलिव्हरीपासून तीन दिवसांच्या आत गेलेली बरी, उशीर झाला की तुमची बाजू लंगडी पडते. आणि तुमच्याकडे लोडिंगच्या दिवशीची पॅलेटवार मण्याच्या तापमानाची सहीची नोंद हवी. आमच्याकडे ती वही लोडिंगच्या दारालाच टांगलेली असते आणि आकडा लिहिल्याशिवाय पॅलेट पुढे सरकत नाही.