माइक नसताना पोवाडा कसा करायचा

१९ फेब्रुवारीला गडावर पोवाडा ठरला की ग्रुपवर पहिला मेसेज, जनरेटर कोण आणणार? कशाला पाहिजे जनरेटर, १६५९ च्या अफझलखान वधावर अज्ञानदासानं पोवाडा रचला तेव्हा कुठे होते स्पीकर. पण म्हणून नुसतं ओरडत सुटलात तर दुसऱ्या चौकातच (म्हणजे पोवाड्याच्या कडव्यातच) घसा बसेल.

आधी जागा बघा. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, तोंडावर आला तर शब्द मागच्या झीलकऱ्यांनाच, म्हणजे मागे उभं राहून साथीला गाणाऱ्यांनाच, ऐकू जातात. पाठीमागे तटाची भिंत मिळाली तर उत्तमच. खुर्च्या नकोत, लोकांना अर्धगोलात खाली जवळजवळ बसवा.

खरा घोळ डफाचा असतो. शाहिराचा आवाज डफच खातो हो! ओळ चालू असताना डफ बोटांनी, ठेका कळेल एवढाच, आणि ओळ संपून झीलकऱ्यांनी जी जी रं जी उचललं की मग मोकळ्या हातानं थाप द्या. झांज पण तेव्हाच, शब्दांवर अजिबात नको. तुणतुणं सतत वाजू दे, ते सूर धरून ठेवतं आणि कुणाच्या आड येत नाही. सकाळच्या गारव्यात डफाचं कातडं ढिलं पडून थाप भदभद येते, तर आधी उन्हात ठेवा नाहीतर शेकोटीपासून लांब धरून शेकवा, जवळ नेलात तर तडकेल (कातड्याऐवजी फायबरचं पान असेल तर शेकायच्या भानगडीत पडूच नका).

झीलकरी दोन तरी दमदार पाहिजेत कारण ते गातात तेवढ्यातच शाहिराला श्वास मिळतो. पट्टी शाहिराच्या गळ्याला झेपेल तीच, उगाच वर चढवून किंचाळू नका. शेवटचं अक्षर गिळू नका, तलवार म्हणताना वा ताणा आणि र स्पष्ट टाका, नाहीतर मागच्या रांगेला नुसतं तलवा ऐकू येतं.

गद्यात मात्र बरेच जण मार खातात, गाणं थांबलं की एकदम घरात बोलल्यासारखे बोलायला लागतात. तिथे वाक्यं छोटी करा, एका दमात एकच वाक्य, सगळ्यात मागे बसलेल्या माणसाकडे बघून टाका आणि डफवाल्याला सांगून ठेवा, गद्य चालू असताना हात बंद.